मुंबईत राहून गावचं काय खायला मिळतं आणि काय मिळतच नाही?

तापीकाठचा
मंडळी, थंडी सुरू झाली. मुंबईत थंडी म्हणजे पंखा चारवरून दोनवर, पण तिकडे यावल-रावेर पट्ट्यात मळ्यामळ्यांतून भरीत पार्ट्या चालू झाल्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फोटो येतात आणि इथे मुलुंडमध्ये बसून माझा जळफळाट होतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जळगावकडचं भरिताचं वांगं जांभळं नसतं. हिरवं-पांढरट, लांबोडकं, मोठं, बिया कमी. बामणोदची वांगी जास्त नावाजलेली. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला जीआय मानांकनही मिळालं. ही वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची. हिरवी मिरची आणि लसूणही भाजून ठेचलेले. कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, तेल सढळ हाताने. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी नाहीतर पुऱ्या. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की चातुर्मासात बंद ठेवलेली वांगी पुन्हा सुरू.

मुंबईत खान्देशी म्हणून बरीच हॉटेलं निघालीत, ठाणे-कल्याणकडे जास्त. शेवभाजी मिळते, बरी असते. पण भरीत मागवलं की गॅसवर भाजलेलं जांभळं वांगं येतं आणि त्यात टोमॅटो! माझं असं मत झालंय की गावच्या खाण्यातलं अर्धं मुंबईत येऊच शकत नाही, आणि दोष आचाऱ्याचा नाही, सरपणाचा आहे. जाळ वेगळा, चव वेगळी.

पटतंय का? तुमच्या गावचं काय इथे जसंच्या तसं मिळतं, काय नाही, कुठली खानावळ आठवते, लिहा. 'आमच्याकडे याहून भारी' ही मारामारी चालेल, फक्त सभ्य ठेवा.

खवय्या_विक्रोळी
+१. तोंडाला पाणी सुटलं. येऊ द्या.

रंकाळ्यावरचा
मारामारी चालेल म्हणालास म्हणून येतोय. भावा, सरपणाचं नंतर बघू, आधी त्या 'व्हेज कोल्हापुरी'चा निकाल लावा. मुंबईतल्या झाडून सगळ्या हॉटेलांच्या कार्डावर हा प्रकार असतो. लालभडक रंग, वर एक सुकी मिरची आडवी टाकलेली, खाल्लं की कानातून धूर. आमच्या गल्लीत असली भाजी कुणाच्या घरी शिजलेली मी बघितली नाही.

कोल्हापुरी जेवण म्हणजे नुसता जाळ नव्हे हो. तांबड्या रश्श्याला रंग येतो, चव येते ती घरच्या कांदा-लसूण चटणीने. आणि त्याच ताटात पांढरा रस्सा कशाला ठेवलाय? मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू नाहीतर तीळ. तांबड्याने तोंड पोळलं की पांढऱ्याचा घोट. दोन्ही वाट्या भरभरून प्यायच्या असतात. मुंबईत पांढरा रस्सा मागवला तर इतका दाट आला की त्यात चमचा उभा राहिला. तो रस्सा नव्हता, पंजाबी ग्रेव्हीला चुना मारला होता. हॉटेलचं नाव लिहीत नाही, मालक गावचाच निघायचा.

मिसळीबद्दल थोडक्यात: पाव नको, स्लाइस पाहिजे. कट वेगळा आणि मागाल तेवढा. दादरला आस्वादची मिसळ नावाजलेली आहे, २०१५ साली लंडनहून बक्षीससुद्धा मिळालं तिला. खाल्ली, चांगली आहे. पण ती सभ्य मिसळ आहे. घाम यायला नको का?

मुंबईत कधीच येऊ शकणार नाही असं विचारशील तर गंगावेशीतला दूधकट्टा. म्हशी तिथंच उभ्या, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात. उभ्याने प्यायचं, मिशी पुसायची, घरी जायचं. महालक्ष्मी एक्स्प्रेस कितीही वेळेवर आली तरी ते काही डब्यात येणार नाही. तुझा मुद्दा तेवढ्यापुरता मान्य.

तिरफळ
मी वाढले परळला, गाव कुडाळ तालुक्यात. आमचं जरा उलटं आहे. कोकणातलं जवळजवळ सगळं मुंबईत येतं, कारण माणसंच सारखी येऊन-जाऊन असतात. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये, पण त्याआधीही एसटीच्या टपावरून फणस आणि आंब्याच्या पेट्या यायच्याच. आता सकाळी कोकणकन्या दादरला लागली की फलाटावर उभं राहून बघा, कुणाच्या पिशवीत काय आहे ते वासावरून कळतं. दादर, परळ, लालबागच्या कोकणी मालाच्या दुकानात कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ, काळे वाटाणे, उकडे तांदूळ, सुके बांगडे, खाजा, सगळं मिळतं. घरी घावणे-रस होतो, वडे-सागोती होते, गॅसवरच होते आणि चांगली होते. त्यामुळे सरपणाचं मला तितकंसं पटलं नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. 'अस्सल मालवणी' पाटी लावलेल्या ठिकाणी जा. सुरमई, पापलेट, कोळंबी, बोंबील. झालं! गावात रोज सुरमई कोण खाता? आमच्याकडे पेडवे, तारले, बांगडे, कधीतरी मोरी. पेडव्याचं तिखलं कुठल्या कार्डावर बघितलंय? मासळी बाजारात पेडव्याचा वाटा सुरमईच्या एका तुकडीपेक्षा स्वस्त मिळतो, पण बारीक काटे असतात. गिऱ्हाईक काट्याला घाबरतं, मग हॉटेलवाला ठेवत नाही. आचाऱ्याला येत नाही असं नाही हां. एका ठिकाणी वाढणारा पोरगा देवगडकडचा निघाला. त्याला विचारलं, तुम्ही काय जेवता रे? म्हणाला, आम्ही आत तारल्याचं सार-भात. बाहेर आम्हाला रवा लावलेली सुरमई!

म्हणजे प्रश्न जाळाचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे.

तापीकाठचा
@तिरफळ, आत तारले आणि बाहेर सुरमई हे भारीच. खान्देशी हॉटेलांतही हेच होत असणार. आत काय शिजतं ते विचारायला हवं एकदा.

संत्रानगरी
भाऊ, मुंबईचे पोहे म्हणजे आजारी माणसाचं खाणं आहे. ओलं खोबरं, लिंबाची फोड, कोणी कोणी तर साखर बी टाकून राहिले. आमच्या नागपूरले पोह्यावर तर्री पडते, चण्याची, वरून कच्चा कांदा. सकाळी ठेल्यावर उभं राहून खायचं, नाक वाहते, मंग डोळे उघडतेत. इथं मी घरी करतो, बायको रत्नागिरीची आहे, तिच्यासाठी खोबऱ्याचे वेगळे. सकाळी सकाळी एका घरात दोन कढया.

सावजीबद्दल बोलतच नाही. एका ठिकाणी मटणावर बटर टाकून आणलं होतं बावा. बटर! माझ्या मोठ्या बापाले सांगितलं तर तो दोन दिवस बोललाच नाही माझ्याशी, जसं का मीच टाकलं.

फणसवाडीकर
तुम्हाला सगळ्यांना गाव आहे, गाडी आहे, डबा येतो. आमचं गाव गिरगाव. तिथून आता काय यायचं?

खोताच्या वाडीत अनंताश्रम होतं. गोव्याकडच्या पद्धतीचं मासे-जेवण. साधी टेबलं, आत भांड्यांचा आवाज, वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू नाही. जेवून झाल्यावर गप्पा छाटत बसलेलं तिथे खपायचं नाही, कारण दारात पुढचा उभा असायचा. मेनूकार्ड वगैरे भानगड नव्हती, आज जे आलंय ते. @तिरफळ, तुम्हाला हवं आहे तसं हॉटेल ते होतं. बंद होऊन बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात चालवणारे थकले, पुढची पिढी आली नाही. असेलही. पण मला वाटतं गिऱ्हाईकच उठून गेलं. आमच्या चाळीतली अर्धी बिऱ्हाडं बोरिवलीला, उरलेली डोंबिवली नाहीतर विरारला. मीही डोंबिवलीतूनच लिहितोय. जिथे राहणारा रोजचा जेवणारा उरला नाही तिथे रोजच्या जेवणाचं हॉटेल कसं टिकायचं? टिकलं ते खाऊचं. विनय हेल्थ होमची मिसळ आहे, पणशीकरांकडचं पियुष आहे. दादरला मामा काणे १९१० पासून आहे, प्रकाशचा साबुदाणा वडा आहे. हे सगळं मधल्या वेळचं. जेवणाची ठिकाणं मात्र गेली.

गावी जाऊन खाऊन येतो असं तुम्ही म्हणू शकता. मी चर्नी रोडला उतरतो तर जुन्या वाड्यांच्या जागी टॉवर, आणि खाली मोमोजची गाडी. मोमोज वाईट नसतात, खाल्लेत. पण पोट भरत नाही.

भारतमाता_सिग्नल
@फणसवाडीकर, जेवणाची ठिकाणं म्हणालात म्हणून लिहिते. आमच्या गिरणगावात हॉटेल हा प्रकार दुय्यम होता, खानावळ मुख्य. आणि खानावळ म्हणजे पाटी लावलेली नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई, दोन स्टोव्ह, आणि तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवणारे गिरणीतले पुरुष. बायकापोरं गावाला, हे एका गाळ्यात पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. साताऱ्याचे साताऱ्याच्या बाईकडे, मालवणचे मालवणीकडे, नगर-जुन्नरचे त्यांच्या त्यांच्याकडे. म्हणजे गावचं जेवण मुंबईत जसंच्या तसं मिळत होतं हो! मिळण्याचं कारण एवढंच की रांधणारी आणि जेवणारा एकाच तालुक्यातले.

माझी आजी खानावळ चालवायची. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुपारपाळीवाले जेवून जायचे, रात्रपाळीचे संध्याकाळी. रविवारी मटण, त्यातही कुणाला नळी आणि कुणाला नुसता रस्सा यावरून भांडणं. कडधान्याला तिचा हात असा होता की मटकीचा एकेक दाणा शिजलेला पण फुटलेला नाही. वहीत खाती. पगाराच्या दिवशी पैसे, तोवर वाण्याकडून उधार, आणि वाणी नाही म्हणाला तर सावकार. अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकेने या बायकांना दारात उभं करणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. जेवणारे गावाला गेले, वहीतली खाती तशीच राहिली. आजीने कित्येकांना तरी महिनोन्‌महिने जेवू घातलं, काहींनी नंतर फेडलं, काहींचा पत्ताच लागला नाही. तिने कधी कुणाचं नाव घेऊन तक्रार केली नाही, वही मात्र जपून ठेवली होती.

आता त्या जागेवर मॉल आहे. फूड कोर्टात महाराष्ट्रीय थाळी मिळते. गुलाबजाम असतो त्यात.

पोळपाट
एक तिरकं बोलू का? वरचे सगळे प्रतिसाद छान आहेत, पण पुरुष मंडळींच्या आठवणीत 'चव' आहे आणि ती चव करणारी बाई फक्त शेवटच्या प्रतिसादात आली. कळण्याची भाकरी म्हणे. ज्वारी-उडीद दळून आणायचे, चुलीपुढे बसून घरातली सगळी माणसं जेवेपर्यंत थापत राहायचं, आपल्या वाटणीला शेवटची, गार. माझी आई मराठवाड्यातून लग्न होऊन कुर्ल्यात आली आणि तिला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल तर गॅसचा. धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे. सरपणाची चव तिला विचारा.

आणि रोज गावात हे असलं जेवण नव्हतंच. भाकरी, ठेचा, पातळ वरण. तुम्ही सणाचं आठवताय, रोजचं विसरलात.

रंकाळ्यावरचा
@पोळपाट, रोजचं विसरलो नाही ओ ताई. रोजचं पिठलं-भाकरीच होतं. आता तेच हॉटेलात 'चुलीवरचं' म्हणून मटणाच्या भावात विकतात. पण धुराचं म्हणाला ते खरं आहे, त्याला उत्तर नाही आमच्याकडे.

तापीकाठचा
@पोळपाट, भरीत आमच्याकडे पुरुष करतात. मळ्यात, भाजण्यापासून ठेचण्यापर्यंत. (पुऱ्या घरून येतात. बरं, बरं, गप्प बसतो.)

मांजराकाठ
@पोळपाट, मराठवाड्यात कुठे? मी लातूरचा, इथे घणसोलीत. सण आठवताय म्हणालात, तर मी सणाचंच लिहितो, कारण आमचा सण इथल्या लोकांना माहीतच नाही.

वेळ अमावस्या. डिसेंबर-जानेवारीत येते. लातूर, धाराशिव भागात त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात, शहरात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ज्वारी कमरेला आलेली असते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुन्याने रंगवलेले पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवण. मुख्य पदार्थ भज्जी. तळलेली भजी नव्हेत. हिरवे हरभऱ्याचे सोले, तुरीचे, वालाचे, मटार, रानात असेल ती भाजी, चिंचेचं पाणी, आणि बेसन लावून शिजवलेली दाटसर. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आणि मडक्यात आंबवलेली अंबिल, ज्वारीच्या पिठाची, ताक घालून. दुपारच्या उन्हात अंबिलीचे दोन पेले झाले की झाडाखाली आडवं व्हायचं.

शेत नसलेल्यालाही त्या दिवशी कुणीतरी बोलावतंच. ओळख लागत नाही, वाटेत दिसलात की हाक मारतात. मुंबईतून जाणाऱ्यांसाठी लातूर एक्स्प्रेसचं त्या आठवड्याचं तिकीट काढून दाखवा, मानलं तुम्हाला.

गेल्या वर्षी सुट्टी मिळाली नाही म्हणून घरीच केलं. वाशीच्या बाजारात सगळे सोले मिळाले, तुरीच्या शेंगाही. बायकोने भज्जी उत्तम केली, अंबिलही. दोघांनी जेवून घेतलं आणि ऑफिसच्या कॉलवर बसलो. पदार्थात काही उणं नव्हतं, म्हणून सरपणही नाही आणि गिऱ्हाईकही नाही असं माझं मत आहे. या जेवणाला पन्नास माणसं लागतात.

पोळपाट
@मांजराकाठ, आई औशाची. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. म्हणाली भज्जीत चुका घातला का विचार, आणि मेथी?

मांजराकाठ
चुका नव्हता मिळाला. मेथी होती. काकूंना नमस्कार सांगा.

शेंगाचटणी
सोलापूर हजर. आमची काही तक्रार नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. भाकरी महिनाभर टिकते, चटणी त्याहून जास्त. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पहाटे पिशवी येते, कधी फुटत नाही, कधी आंबत नाही. बाकीच्यांनी असं खाणं शोधायला हवं होतं. :)

खवय्या_विक्रोळी
हसून हसून पुरेवाट. सोलापूरकरांनी धागा जिंकला.

भांबुर्डी
पेणकडची. पोपटीचं कुणीच लिहिलं नाही? वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, जाडं मीठ. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, तोंडालाही पाला दाबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-पेंढा पेटवायचा. तेल नाही, पाणी नाही. @तापीकाठचा, तुमच्या सरपणाच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन, कारण हे कुकरमध्ये होत नाही, बघितलंय लोकांना प्रयत्न करताना. सोसायटीच्या गच्चीवर परवानगी मागितली तर सेक्रेटरीने अग्निशमनाचं परिपत्रक काढून दाखवलं. आता जानेवारीत सगळे मिळून पेणलाच जातो. मुंबईपासून लांब नाही, तरी लोक कर्जतच्या फार्महाऊसवर डीजेसकट पोपटी खातात. असो.

संत्रानगरी
@तापीकाठचा, शेवभाजी नीट कशी करायची ते टाका ना. माझ्यापाशी शेव चिखल होते.

तापीकाठचा
शेव कढईत घालता म्हणून होते, ती कढईत घालतच नाहीत. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईस्तोवर भाजा, लसूण-आलं-कोथिंबीर घालून बारीक वाटा. तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता, घाई करू नका, इथेच भाजी बनते किंवा बिघडते. मग तिखट, काळा मसाला, आणि गरम पाणी. गार ओतलं तर तर्री बसते. दहा मिनिटं उकळा. टोमॅटो नको. शेव जाड, तिखट, लसणाची. नायलॉन शेव घरात असेल तर ती पाणीपुरीला ठेवा. ताटात आधी शेव, वर उकळता रस्सा, आणि लगेच खायला बसा. फोटो काढत बसलात तर पुन्हा चिखल.

काळा मसाला लालबागच्या मसाला गल्लीत मिळतो, पण सांगावं लागतं. दुकानदाराने पहिल्यांदा मला मालवणीच बांधून दिला होता.

तिरफळ
लालबागला न सांगता गेलात तर मालवणीच मिळणार. :) एप्रिल-मेमध्ये जा, मिरच्या निवडून समोर कांडून घ्या. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, बाकी प्रमाण ज्याचं त्याचं.

खवय्या_विक्रोळी
@तिरफळ, एक बाळबोध प्रश्न. तुमच्या नावावरून तिरफळं आणली दुकानातून. बांगड्यात घालायची कशी? वाटणात?

तिरफळ
नाही, वाटायची नाहीत. आतली काळी बी काढून टाका, नुसती सालं ठेचून थोड्या पाण्यात भिजवा. रस्सा उकळला, बांगडे घातले की मग पाण्यासकट सोडा, वर झाकण. पाच-सात पुरेत, जास्त घातली तर कडवट होतं. आणि जेवताना ताटात आली की बाजूला काढून ठेवायची.

खवय्या_विक्रोळी
आणि चुकून चावली तर?

तिरफळ
तर जीभ बधिर होईल आणि पुढचा घास कुठल्या माशाचा होता ते कळणार नाही. सुरमईवाल्या हॉटेलात जाणार असाल तर मुद्दाम चावून जा.